फुप्फुसावरणाचा कर्करोग : स्कॅनवरून निदान पक्के होते का?

प्रश्न : माझे वडील अनेक वर्षे अ‍ॅसबेस्टॉसच्या पत्र्यांच्या कारखान्यात कामाला होते. आता त्यांना दम लागतो, छातीत उजव्या बाजूला पाणी झाले आहे आणि सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसाचे आवरण जाड दिसते. हा मेसोथेलिओमाच, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोगच, असेल का?

उत्तर : एवढ्यावरून तसे ठरत नाही, मात्र शंका गांभीर्याने घ्यायलाच हवी, कारण अ‍ॅसबेस्टॉसचे तंतू श्वासावाटे आत गेल्यानंतर हा दुर्मीळ कर्करोग बहुधा २० ते ४० वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा प्रकट होतो. आवरणाची जाडी १ सेंटिमीटरहून अधिक असणे, ती गाठीगाठींची असणे, तिने फुप्फुसाला चहूबाजूंनी वेढणे आणि हृदयाकडील आवरणापर्यंत पोहोचणे ही सीटी स्कॅनमधील लक्षणे कर्करोगाकडे निर्देश करतात. परंतु दुसऱ्या अवयवातून पसरलेला कर्करोगही असाच दिसू शकतो, आणि आपल्याकडे सर्रास आढळणारा क्षयरोगही आवरण जाड करतो, पाणी साठवतो, इतकेच नव्हे तर पेट (PET) स्कॅनवर, म्हणजे पेशी जास्त सक्रिय असलेले भाग उजळ दाखवणाऱ्या तपासणीत, कर्करोगासारखाच उजळतोही. छातीच्या भिंतीत किंवा श्वासपटलात गाठ शिरली आहे का, हे एमआरआय अधिक स्पष्ट दाखवते.

खात्री मात्र बायॉप्सीनेच होते. नुसत्या पाण्यातील पेशींची तपासणी पुष्कळदा अपुरी पडते, म्हणून स्कॅनच्या मार्गदर्शनाखाली सुईने किंवा थोरॅकोस्कोपीद्वारे (छातीत दुर्बीण घालून) आवरणाचा तुकडा घेण्याविषयी छातीविकारतज्ज्ञांना विचारा. वडिलांनी कारखान्यात नेमके कोणते काम केले, हे त्यांना आवर्जून सांगा. ही माहिती कोणत्याही स्कॅनमध्ये दिसत नाही.