मुलाची पार्टी, फ्लॅट वडिलांच्या नावावर

प्रश्न : आम्ही लग्नासाठी कोल्हापूरला गेलो होतो. मागे मुलाने (वय 20) कोथरूडच्या आमच्या फ्लॅटवर मित्रांना बोलावले. रात्री दीडपर्यंत स्पीकर आणि बिअर. पोलीस येऊन स्पीकर घेऊन गेले. आता सोसायटीच्या कमिटीने 25 हजार दंड लावला आहे आणि ‘फ्लॅट खाली करा’ असे पत्र दिले आहे. आलेल्यांत एक मुलगा 17 वर्षांचा होता. फ्लॅट माझ्या नावावर आहे, मी अडकतो का?

उत्तर : तुमचा सगळा राग सोसायटीवर आहे आणि 17 वर्षांच्या मुलाचा उल्लेख जाता जाता आला आहे. खरा धोका तिथेच आहे. अल्पवयीन मुलाला दारू देणाऱ्याला बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 77 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. बिअर कोणी आणली, त्याच्या हातात कोणी दिली, यावर सगळे ठरेल. म्हणून तुमच्या मुलाने कोणालाही, सोसायटीलासुद्धा, लेखी माफीनामा देऊ नये. तोच कागद पुढे पुरावा म्हणून समोर येतो. व्हॉट्सअॅपवरचे खुलासेही आता थांबवा. पोलिसांची भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची, म्हणजे चौकशीला हजर राहण्याची, नोटीस आली तर हजर राहावेच लागेल, पण आधी फौजदारी वकिलाला भेटा.

तुमच्यापुरते बोलायचे तर घर नावावर आहे एवढ्याने मालक गुन्हेगार ठरत नाही. मुलगा सज्ञान आहे, त्याच्या कृत्याला तोच जबाबदार. पार्टीची तुम्हाला आधी कल्पना होती आणि तुम्ही संमती दिली होती, असे निघाले तर मात्र प्रश्न तुमच्याकडे वळतील. तसे मेसेज असतील तर वकिलापासून लपवू नका, आणि पुसून तर अजिबात टाकू नका.

मुलाला स्वतःलाही बिअर पिता येत नव्हती. महाराष्ट्रात त्यासाठी वय 21 लागते, कडक मद्यासाठी 25, शिवाय परवाना. (परवाना किती जण काढतात, ते सोडा.)

आवाजाचे म्हणाल, तर निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 मर्यादा 45 डेसिबल आहे. खासगी साउंड सिस्टीमचा आवाज आपल्या हद्दीवर त्याहून 5 डेसिबलपर्यंतच जास्त चालतो. भिंतीपलीकडचे झोपू शकले नाहीत, म्हणजे ही मर्यादा ओलांडली असणार. सार्वजनिक उपद्रवाचा दंड हजार रुपयांपर्यंत आहे. स्पीकरसाठी पंचनाम्याची प्रत मागा. मुद्देमाल कोर्टात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे हमीपत्र देऊन, परत मिळतो.

आता सोसायटी. आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीनुसार) आधी कारणे दाखवा नोटीस, मग सर्वसाधारण सभेत म्हणणे ऐकून दंड, तोही वर्षाला जास्तीत जास्त 5,000. कमिटीने परस्पर लावलेले 25 हजार टिकणार नाहीत. तुमच्या सोसायटीचे नोंदणीकृत उपविधी मात्र एकदा तपासा. सभासदाला काढायचे तर सभेत तीन-चतुर्थांश बहुमत आणि वर सहकारी संस्थांच्या निबंधकांची मंजुरी लागते. सेक्रेटरीच्या पत्रावर कोणी घर सोडत नाही.

पत्राला उत्तर द्या, पोच घ्या. त्यात फक्त कार्यपद्धतीवर हरकत घ्या, त्या रात्री काय झाले यावर एक शब्दही लिहू नका. शेजाऱ्यांची क्षमा तोंडी मागा, आजच, मुलाला सोबत नेऊन.