बर्फ पडायच्या आधी खिडक्यांच्या फटी बुजवू की पन्हळी साफ करू?

तुम्ही लिहिलंय की नवीन घर, पहिलाच बर्फाचा हिवाळा आणि हातात दोनच शनिवार, तर खिडक्या आधी की पन्हळी आधी. दोन्ही करा. पण त्याआधी उठून मागच्या दारी जा आणि बाहेरच्या नळाला बागेचा पाइप अजून लावलेला आहे का बघा. असेल तर काढून या, बाकीचं मग वाचा.

आमच्या घरात हा पाइप म्हणजे दुखरी नस आहे. नवऱ्याचं म्हणणं, "अगं तो फ्रॉस्टप्रूफ नळ आहे, त्याला काही होत नाही." आता फ्रॉस्टप्रूफ म्हणजे काय, तर त्याचा वॉशर बाहेर चावीपाशी नसून वीसतीस सेंटीमीटर आत, घराच्या उबेत असतो, आणि नळ बंद केला की मधल्या नळीत राहिलेलं पाणी उताराने बाहेर गळून जातं. पण तोंडाला पाइप लावलेला असेल तर ते गळणार कुठून? बसतं तिथेच. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, तांब्याच्या नळीचंही मग काही चालत नाही. हे सगळं मी ऑक्टोबरातच सांगितलं होतं. तो म्हणाला "करतो". झालं.

आणि वैताग असा की नळी फुटली तरी हिवाळाभर पत्ता लागत नाही, कारण चीर पडते वॉशरच्या पुढे, नळ बंद आहे तोवर एक थेंब येत नाही. एप्रिलमध्ये मी झाडांना पाणी घालायला नळ सोडला, धार जरा बारीक वाटली, म्हटलं पाइपला कुठेतरी पीळ पडला असेल, आणि चांगलं अर्धा तास निवांत पाणी घालत बसले. बाकीचं पाणी तेवढा वेळ भिंतीतून बेसमेंटमध्ये. खाली गेले तर कार्पेटवर पहिल्याच पावलाला मोजा चिंब. प्लंबरने भिंत कापली आणि नळीचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला, करंगळीच्या नखाएवढी चीर, कडा बाहेर वळलेल्या, माशाने तोंड उघडावं तशी. तो तुकडा अजून आमच्या चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे, फेकू देत नाही मी.

तर पाइप काढायचा, त्या लाइनचा घरात वेगळा कॉक असेल तर तो बंद करायचा आणि मग बाहेरचा नळ उघडून आतलं पाणी जाऊ द्यायचं. जुन्या साध्या नळाला तर हे करावंच लागतं. पाइप तसाच ठेवून वरून फोमचं टोपडं घालणाऱ्यांना माझा दंडवत.

पन्हळी पानं पूर्ण गळल्यावरच साफ करा, नाहीतर दोनदा शिडी चढाल. छताच्या कडेला बर्फाचा बांध होतो त्याचं खापर लोक पन्हळीवर फोडतात, पण मुळात माळ्यातून ऊब वर जाते, छतावरचा बर्फ वितळतो आणि गार कडेला येऊन परत गोठतो. म्हणून खिडक्यांवर सगळा जीव काढण्याआधी माळ्याच्या झाकणाच्या फटीला पट्टी लावा आणि वरचं इन्सुलेशन बघा. (हेही मी सांगितलं होतं.) खिडक्यांचं काम मात्र थंडी वाढायच्या आत उरका, बऱ्याच साध्या सीलंटना 5 अंशांच्या वर तापमान लागतं, ट्यूबवर लिहिलेलं असतं.

हो, आणि घर घट्ट बंद करताना हीटिंगची हवा आत-बाहेर करणारी तोंडं बुजवू नका, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालतोय ना तेही बटण दाबून बघा. खरं तर हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. शिडी धरायला कुणीतरी घ्या.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या ऑक्टोबरात शेवटचं पाणी मीच घातलं होतं, ट्युलिपचे कंद लावले होते म्हणून. म्हणजे पाइप लावला मी. पण "करतो" तो म्हणाला होता, आणि तो हे उत्तर वाचणार आहे हे मला माहितीये.