मराठी माध्यमातून शिकलेल्यानं जीआरईचे अवघड इंग्रजी शब्द कसे लक्षात ठेवावेत?

तुम्ही लिहिलंय की दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं, जीआरई, म्हणजे परदेशी विद्यापीठांतल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा, तीन महिन्यांवर आली आहे आणि साडेतीन हजार शब्दांची यादी हातात आहे. रोज पन्नास शब्द पाठ करता, पण दोन दिवसांनी त्यातले चाळीस उडून गेलेले असतात. शेवटी विचारलंय, ‘डोक्यात आधी मराठी येतं, ही सवय कशी मोडू?’ या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. ती सवय मोडू नका. मला परीक्षेत तीच उपयोगी पडली.

माझंही दहावीपर्यंतचं शिक्षण मिरज तालुक्यातल्या एका गावात मराठीतच झालं. २०१९ मध्ये मी जीआरई दोनदा दिली. व्हर्बलचे, म्हणजे इंग्रजी शब्द आणि उताऱ्यांच्या भागाचे, गुण १३० ते १७० या पट्टीवर असतात. मला पहिल्यांदा १४४ पडले आणि चार महिन्यांनी १५७. मेहनत दोन्ही वेळा सारखीच होती, पद्धत बदलली होती.

पहिल्या वेळी मी तुमच्यासारखीच यादी घोकली. ऑब्ड्युरेट म्हणजे स्टबर्न, रिकॅल्सिट्रंट म्हणजे स्टबर्न, इन्ट्रॅन्सिजंट म्हणजे स्टबर्न. तिन्ही शब्द एकाच खुंटीला टांगलेले. परीक्षेत त्यातला एक समोर आला की ‘हट्टी’ एवढंच आठवायचं आणि त्या वाक्यात तो बसतो की नाही हे काही केल्या ठरवता यायचं नाही.

निकालानंतर घरी गेलो. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून कार्डं केली, एका बाजूला इंग्रजी शब्द आणि दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ. आई सातवी शिकलेली. रात्री जेवणं आटोपली की ती कार्डाची मराठी बाजू वाचायची आणि मी इंग्रजी शब्द सांगायचा, असं ठरलं. तिसऱ्या की चौथ्या रात्री ती थांबली. ‘हट्टी’ लिहिलेलं चौथं कार्ड तिच्या हातात आलं होतं.

‘आरं, हट्टी हट्टी किती येळा लिहिलंस? पोरगं खाऊसाठी हट्ट करतंय तसला, का म्हातारं हेका धरतंय तसला?’

ते कार्ड रिकॅल्सिट्रंटचं होतं. मी डिक्शनरीतली व्याख्या काढून तिला मराठीत सांगितली : कुणाचा ताबा मानत नाही, सांगितलेलं मुद्दाम ऐकत नाही, उलट प्रतिकार करतो.

‘मग लाथाळ म्हण की. आपली तांबू धार काढाय बसलं की करती तसं.’

मी ‘हट्टी’ खोडून ‘लाथाळ’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी सहज शब्दाची व्युत्पत्ती पाहिली तर मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच ‘टाचेनं लाथा झाडणं’ असा निघाला. तो शब्द मी आजवर विसरलेलो नाही. त्याच आठवड्यात ऑब्ड्युरेटच्या कार्डावर ‘पाषाणहृदयी, कितीही विनवलं तरी न द्रवणारा’ असं आलं आणि इन्ट्रॅन्सिजंटच्या कार्डावर ‘मोडेन पण वाकणार नाही’. एका खुंटीवरचे तीन शब्द तीन खुंट्यांवर गेले.

माझं सगळं सांगणं एवढ्यातच आहे. तुम्हाला शब्द आठवत नाही असं नाही, त्याला नेमकी जागा मिळालेली नाही. आणि ती जागा देण्याइतके बारकावे तुमच्या मराठीत आधीच तयार आहेत. जीआरईचे बरेचसे शब्द माणसांच्या स्वभावाचे, बोलण्याचे, पैशाच्या सवयींचे आणि वाद घालण्याच्या रीतींचे असतात, आणि या बाबतीत गावाकडची मराठी फार श्रीमंत आहे. फ्रूगल म्हणजे काटकसरी, हे कौतुक आहे. पार्सिमोनिअस म्हणजे चिक्कू, ही निंदा आहे. प्रॉडिगल म्हणजे उधळ्या. टॅसिटर्न हा मुळातच अबोल असतो, रेटिसंट हातचं राखून बोलतो आणि लॅकॉनिक बोलतो पण मोजून-मापून. गॅर्युलस म्हणजे बडबड्या. ऑब्सिक्विअस म्हणजे हांजी हांजी करणारा. पेडँटिक म्हणजे पढतपंडित. इक्विव्होकेट या क्रियापदाला तर आपल्याकडे महाभारतातूनच आलेला वाक्प्रचार आहे : ‘नरो वा कुंजरो वा’ करणं. हे लिहिल्यावर त्या शब्दासाठी वेगळी युक्ती शोधावी लागत नाही.

म्हणून कार्डावर इंग्रजी समानार्थी शब्द लिहू नका. घरात, शेतात, चावडीवर जो शब्द त्या माणसासाठी वापरतात तो लिहा. शेजारी अधिक किंवा उणे चिन्ह काढा, म्हणजे शब्द स्तुतीचा की निंदेचा हे कळेल. खाली इंग्रजीत एक छोटं वाक्य लिहा, तेही तुमच्या ओळखीच्या माणसाबद्दल.

अधिक-उण्याचं महत्त्व परीक्षेची रचना पाहिली की पटतं. २०११ पर्यंत जीआरईत वाक्याशिवाय सुटे विरुद्धार्थी शब्दही विचारायचे, तेव्हा यादी घोकण्याचा काही उपयोग तरी होता. त्या वर्षी तो प्रकार गेला. आता शब्द वाक्याच्या आतच येतो. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा आणखी लहान झाली आहे. व्हर्बलचे एकूण २७ प्रश्न असतात, पहिल्या भागात १८ मिनिटांत १२ आणि दुसऱ्या भागात २३ मिनिटांत १५. पहिला भाग कसा जातो त्यावर दुसरा सोपा की कठीण ते ठरतं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडू नका.

सेंटेन्स इक्विव्हॅलन्स या प्रकारात सहा पर्यायांतून दोन निवडायचे असतात आणि दोन्ही बरोबर आले तरच गुण मिळतो. मराठीत नमुना देतो. ‘सभेत तासन्‌तास बोलणारे ते पुढारी घरात मात्र इतके ___ असत की मुलांना त्यांचा आवाज क्वचितच ऐकू येई.’ पर्याय : गॅर्युलस, टॅसिटर्न, चर्लिश, लोक्वेशस, इरुडाइट, रेटिसंट. इथे समानार्थी जोड्या दोन आहेत, बडबड्यांची (गॅर्युलस, लोक्वेशस) आणि अबोलांची (टॅसिटर्न, रेटिसंट). नुसती यादी पाठ असलेल्याला पहिली जोडी दिसते आणि तो खूण करून पुढे जातो. ‘मात्र’ या शब्दानं वाक्य उलटं फिरवलंय हे त्याच्या ध्यानातच येत नाही. म्हणून पर्यायांकडे पाहण्याआधी रिकाम्या जागेत स्वतःचा मराठी शब्द बसवा. मी परीक्षेत कच्च्या कागदावर अक्षरशः ‘गप्प’, ‘उधळ्या’, ‘लाथाळ’ असं लिहायचो आणि मगच पर्याय वाचायचो. ऑलदो, डिस्पाइट, फार फ्रॉम हे वाक्य फिरवणारे शब्द तर यादीतल्या कुठल्याही भारी शब्दापेक्षा जास्त गुण देतात.

पहिल्या वेळी माझे सर्वांत जास्त गुण ज्या शब्दांनी घालवले ते अवघड नव्हतेच. ते आपण रोज मराठी बोलताना वापरतो. ‘कर्ज सँक्शन झालं’ असं आपण म्हणतो, पण सँक्शनचा दुसरा अर्थ निर्बंध, म्हणजे जवळपास उलटा. ‘त्याला फार टेंपर आहे’ म्हणतो, पण क्रियापद म्हणून टेंपर म्हणजे सौम्य करणं. चेक म्हणजे आवर घालणं. फ्लॅग म्हणजे मरगळणं. वाँट म्हणजे उणीव. ॲप्रोप्रिएट हे क्रियापद असेल तर त्याचा अर्थ बळकावणं. पेडेस्ट्रिअन म्हणजे सपक, ज्यात काही विशेष नाही असं. क्वालिफाइड प्रेझ म्हणजे अटी घालून, हात आखडून केलेलं कौतुक. आणि डिस्क्रिमिनेटिंग हा शब्द वाचला की आपल्याला भेदभाव आठवतो, पण जीआरईत तो बहुतेक वेळा चोखंदळ माणसासाठी येतो. या शब्दांची वेगळी वही करा. यादीतला अनोळखी शब्द दिसला की आपण सावध तरी होतो, हे शब्द ओळखीचा चेहरा घेऊन येतात.

नादावरून फसवणारेही काही आहेत. एनर्व्हेट ऐकून एनर्जी आठवते, अर्थ मात्र शक्ती काढून घेणं. नॉइसमचा आवाजाशी संबंध नाही, तो घाणेरड्या वासाचा शब्द आहे. रेस्टिव्ह म्हणजे चुळबुळ करणारा. डिसइंटरेस्टेड म्हणजे रस नसलेला नव्हे, तर ज्याचा स्वार्थ गुंतलेला नाही असा निःपक्षपाती माणूस.

व्युत्पत्तीचा उपयोग होतो, पण जपून. संस्कृत, लॅटिन आणि ग्रीक एकाच भाषाकुळातल्या, त्यामुळे काही मुळं थेट ओळखता येतात. अज्ञ, सर्वज्ञ यांतला ‘ज्ञ’ आणि ॲग्नॉस्टिकमधला ‘ग्नॉ’ हे एकाच मुळाचे. वाचा आणि व्होसिफरसमधला ‘व्हॉक्स’ही तसेच. मॅग्नॅनिमस फोडला तर अर्थ होतो थोर आत्म्याचा, म्हणजे शब्दशः महात्मा. तसंच युरोपच्या जुन्या वैद्यकात शरीरातल्या चार द्रवांवर स्वभाव ठरतो असं मानत. त्यातून कोलरिक म्हणजे पित्तामुळे तापट, फ्लेग्मॅटिक म्हणजे कफामुळे थंड आणि सँग्विन म्हणजे रक्तामुळे आनंदी, आशावादी. ‘पित्त खवळलं’ म्हणणाऱ्या माणसाला कोलरिक वेगळा शिकवावा लागत नाही. पण प्युसिलॅनिमस फोडला तर ‘लहान आत्म्याचा’ असं निघतं आणि आपल्या मनात कोत्या मनाचा माणूस येतो, खरा अर्थ मात्र भेकड आहे. म्हणून अर्थ आधी डिक्शनरीत पाहा आणि मूळ नंतर.

एक साधन फारसं कुणी सांगत नाही, ते म्हणजे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची, आणि शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो फुकट पाहता येतो. उलट्या बाजूनं वापरा. हेकट, वाचाळ, लहरी, खुशामत असे आपले शब्द त्यात शोधा आणि समोर एकोणिसाव्या शतकातली भारदस्त इंग्रजी वाचा. जीआरईला आवडणारे शब्द तिथे मराठी माणसांच्या स्वभावांना चिकटलेले सापडतात. मी यात तासन्‌तास घालवले आहेत आणि त्याचा मला अभ्यासासारखा कंटाळा कधी आला नाही.

आता विसरण्याबद्दल. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून १८८५ मध्ये दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीच्या काही तासांत सर्वांत वेगानं निसटतं आणि मग तो वेग मंदावतो. म्हणजे तुमच्या स्मरणशक्तीत खोट नाही. रोज पन्नास नवे घेतले की कालच्या पन्नासांकडे परत जायला वेळच उरत नाही. बारा घ्या. आठवड्यातले सहा दिवस, नऊ आठवडे, म्हणजे ६४८ शब्द होतात. शेवटचे तीन आठवडे एकही नवा शब्द नको. साडेतीन हजार अर्धवट शब्दांपेक्षा हे साडेसहाशे पक्के शब्द जास्त प्रश्न सोडवतात, हा माझा अनुभव आहे.

चपलांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे करा. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात, तो रोज पाहायचा. शब्द आठवला की कार्ड पुढच्या कप्प्यात जातं, तो दोन दिवसांनी, मग चार, मग आठ, मग पंधरा. चुकलं की ते कितव्याही कप्प्यात असो, परत पहिल्यात. सेबास्टियान लाइटनर या जर्मन लेखकानं १९७२ मध्ये मांडलेली ही रीत आहे. अँकी हे ॲप (संगणकावर आणि अँड्रॉइडवर मोफत) हेच काम आपोआप करतं. मला मात्र हातानं लिहिलेलं कार्ड जास्त लक्षात राहतं, कारण मराठी शब्द शोधण्यात जी झटापट होते तीच खरी पाठांतराची मेहनत असते. कुणी तयार केलेली आयती कार्डं त्यासाठीच घेऊ नका.

वाचनही हवं, पण थोडं. इंग्रजी दैनिकातला एक अग्रलेख रोज वाचा आणि लेखक कुणाच्या बाजूनं आहे हे मराठीत दोन ओळींत लिहा. आणि आजच एकदा तपासा की तुम्ही अर्ज करणार त्या विद्यापीठांना जीआरई लागते का. २०२० नंतर बऱ्याच विभागांनी ती ऐच्छिक केली आहे.

पहिल्या रात्रीसाठी बारा शब्द देतो. मराठी बाजू माझी आहे, तुमच्या घरात वेगळा शब्द असेल तर माझा खोडा. रिकॅल्सिट्रंट, लाथाळ. इक्विव्होकेट, नरो वा कुंजरो वा करणं. फ्रूगल, काटकसरी. पार्सिमोनिअस, चिक्कू. टॅसिटर्न, अबोल. गॅर्युलस, बडबड्या. कप्रिशस, लहरी. मॉलिफाय, राग निववणं. एक्झॅसर्बेट, आगीत तेल ओतणं. स्पीशस, वरवर पटणारं पण आतून पोकळ. ऑस्टेंटेशस, बडेजाव मिरवणारा. बाराव्या कार्डावर सँक्शन लिहा आणि मागे दोन्ही अर्थ : मंजुरी आणि निर्बंध.