वाचक विचारतात: शिळ्या पावाचं काय करायचे?

प्रश्न: फ्रेंच जेवण म्हटलं की महागडी हॉटेलंच दाखवतात, पण तिथल्या खेड्यात साधी माणसं रोज काय खायची आणि उरलेल्या पावाचं काय करायची?

उत्तर: मुख्य म्हणजे पाव आणि सूप, कित्येक घरात दोन्ही वेळा. सरपण वाचवायला पाव रोज भाजत नसत, बऱ्याच गावात सामायिक भट्टी असायची आणि मोठमोठे पाव एकदम भाजून ठेवायचे. आल्प्समधल्या विलार दारेन गावात तर राय नावाच्या धान्याचा (आपल्या मोहरीचा नव्हे) पाव वर्षातून एकदाच भाजायचे, पिठात उकळतं पाणी ओतून मळायचं, आणि तो पाव नंतर इतका कडक व्हायचा की फळीला एका टोकाने जोडलेल्या सुरीने दाबून कापावा लागायचा!

असा पाव टाकून कोण देणार? वाडग्यात तळाशी त्याचे काप आणि वरून कोबी, लीक (कांद्याच्या पातीसारखी भाजी), सलगम, असलाच तर खारवलेल्या डुकराच्या मांसाचा छोटा तुकडा घालून उकळलेलं गरम सूप, की झालं जेवण. दूध-अंड्यात बुडवून तव्यावर परततात तो गोड प्रकारही शिळ्या पावाचाच, आज आपण फ्रेंच टोस्ट म्हणून खातो तो.

दक्षिण फ्रान्समधल्या सेवेन डोंगरात धान्य कमी पिकायचं म्हणून चेस्टनटवर, म्हणजे एका झाडाच्या पिठूळ फळांवर, हिवाळा काढायचे, दगडी खोपट्यात मंद धुरावर कित्येक दिवस वाळवून. आणि मला सगळ्यात आवडलेली रीत नैर्ऋत्य फ्रान्समधल्या पेरिगोर भागाची, सूप संपत आलं की त्यातच थोडी रेड वाइन ओतायची, वाडगं उचलून तोंडाला लावायचं आणि शेवटचा थेंबही पिऊन टाकायचा, काही जण अजूनही असं करतात.