पोलीस ठाण्यात नव्याने रुजू होताना

पीएसआय (पोलीस उपनिरीक्षक) म्हणून पहिल्या पोस्टिंगला चाललास, तर आधी क्राइम मीटिंग, म्हणजे साहेबांची गुन्ह्यांच्या आढाव्याची बैठक, नीट ऐक. साहेब फक्त 'आकडे का वाढले' एवढंच विचारत असतील, तर खाली आकडे कमी दिसावेत म्हणून मोबाइलची चोरी कागदावर 'गहाळ' होते आणि मारहाण एनसीत (अदखलपात्र नोंदीत, ज्यात एफआयआर होत नाही) जाते. लेखी आदेश कुणीच देत नाही. ठाणे अंमलदाराला (ठाण्यात तक्रार नोंदवून घेणाऱ्याला) साहेबांचा चेहरा वाचता येतो. गुन्हे फुकट लपवायची सवय लागली की पैसे घेऊन लपवणं फार लांब नसतं. दखलपात्र (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा) गुन्ह्याची नोंद बंधनकारक आहे, हे सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच सांगितलंय. तोंडी दबाव आला तर स्टेशन डायरीत (ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत) नोंद घे. बदली होईल, होऊ दे (सामान तसंही कमीच ठेव). आणि फिर्यादीला एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती लगेच हातात दे.