वर्गात मुलांकडे मोबाइल नसताना टेक्नॉलॉजी कशी वापरायची?

मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते, सातवी-आठवीला सायन्स शिकवते, तर अनुभवावरून सांगते, मुलांकडे मोबाइल नसले तरी काही अडत नाही, तुमच्या एकट्याच्या फोनवर भागतं. प्लिकर्स नावाचं ॲप आहे बघा, त्याची कार्डं कागदावर प्रिंट करून प्रत्येकाला एक द्यायचं, कार्डाची कुठली बाजू वर धरली त्यावरून उत्तर ए, बी, सी का डी ते ठरतं आणि तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणाचं काय आलं ते लगेच दिसतं. प्रत्येक कार्डाचं डिझाइन वेगळं, त्यामुळे शेजारच्याचं बघून कॉपी मारणं अवघड. (कार्ड लॅमिनेट करू नका, चकाकलं की स्कॅन होत नाही, माझे पैसे गेलेत त्यात.)

दुसरं म्हणजे फेट (PhET) सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे सायन्सचे प्रयोग, कोलोरॅडो युनिव्हर्सिटीचं, फुकट आहे, बरीचशी मराठी-गुजरातीतही मिळतात आणि घरून डाउनलोड करून नेली की शाळेत नेट नसलं तरी चालतात. फक्त एक करा, सर्किटचा स्विच दाबायच्या आधी बल्ब पेटेल का नाही ते मुलांना वहीत लिहायला लावा, नाहीतर नुसता सिनेमा होतो, बघतात आणि विसरतात.

स्मार्टबोर्डचं म्हणाल तर आमच्याकडे तो बहुतेक वेळ पडदा म्हणूनच वापरला जातो :)