कोल्ड स्टोअरेजमध्ये कामाला कुठलं जॅकेट घ्यावं?

द्राक्षाचा सीझन आला की निफाड-पिंपळगावकडून आणि नंतर बेदाण्याच्या वेळी तासगावकडून तेच ते प्रश्न येतात. कारखान्यातल्या कामगारांना मी बरीच वर्षं तपासतोय, म्हणून एकदाच सगळ्यांना उत्तरं देतो.

दुकानदार म्हणतो जॅकेट 'मायनस ३०' चं आहे. घेऊ का?

नुसत्या आकड्यावर घेऊ नका. मायनस ३० मध्ये उभं राहून की पेट्या उचलून, एक तास की आठ तास, हे विचारा, दुकानदार गप्प बसेल. मायनस ५ आणि त्याखालच्या कामाला ईएन ३४२ (थंडीपासून वाचवणाऱ्या कपड्यांचं युरोपियन मानक) चं लेबल बघा, त्यावर बर्फाच्या स्फटिकाचं चित्र असतं. द्राक्षाच्या रूमला शून्याच्या आसपासच तापमान असतं, तिथे ईएन १४०५८ (कमी थंडीसाठीचं तसंच मानक) वालं बघा.

जाड जॅकेट घेऊनही अर्ध्या तासात पाठ गार पडते. अजून जाड घेऊ?

अजिबात नको! हे मी सांगून सांगून थकलो. तुम्ही बाहेर ३५ डिग्रीत जॅकेट घालून, चेन गळ्यापर्यंत लावून गाडी भरता, घाम येतो, आतलं कॉटनचं बनियन तो पिऊन घेतं आणि तसेच तुम्ही आत शिरता, मग तेच ओलं बनियन अंगातली ऊब ओढून घेतं, वरून कूलिंगच्या पंख्याचा वारा. मागच्या सीझनला एक मुलगा थंडी वाजतेय म्हणून आला, मी त्याचं बनियन पिळलं तर खाली पाणी टपकलं, अंगात मात्र दोन स्वेटर आणि वर जॅकेट! म्हणून अंगाला पॉलिस्टरचं किंवा लोकरीचं थर्मल, त्यावर फ्लीस (मऊ, लोकरीसारखं गरम कापड), आणि वरचं जॅकेट वारा अडवणारं पण हात मोकळे फिरतील इतकं सैल. बाहेर आलात की लगेच चेन उघडा. जास्तीचं बनियन पिशवीत ठेवा आणि जेवणाच्या सुट्टीत बदला.

हूडवालं बरं का?

फोर्कलिफ्ट फिरत असेल तर नको, बाजूचं दिसत नाही. कानटोपी घाला.

ठेकेदार एकच जॅकेट तिन्ही शिफ्टला फिरवतो. चालतं का?

नाही. आतला अस्तर वाळायला वेळच मिळत नाही, आणि ओलं जॅकेट दुसऱ्याच्या अंगावर चढवणं म्हणजे त्याला आजारी पाडणं. सेफ्टी ऑफिसरकडे लेखी मागा, पुढच्या सीझनची वाट बघू नका.

आत जायच्या आधी थोडी घेतली की ऊब राहते म्हणतात?

खोटं आहे. दारूने कातडीकडे रक्त जास्त जातं, गरम वाटतं आणि शरीर उलट लवकर गार होतं.

बोटं पांढरी पडून बधिर होतात. डबल हातमोजे घालू?

आधी डॉक्टरला दाखवा. घट्ट डबल मोज्यांनी रक्त अजून अडतं. फ्रोजन मालाच्या मायनस २० च्या रूममध्ये असं झालं तर लगेच बाहेर या, बोटं चोळू नका, शेकोटीवर धरू नका, कोमट पाण्यात ठेवा आणि तसेच दवाखाना गाठा. दमा, बीपी, हार्टचा त्रास असेल तर जॅकेट घेण्याआधीच तपासून घ्या, त्या रूममध्ये तुम्ही जायचं की नाही ते आधी ठरू दे.